कूलर ‘करंट मारतो’, टॉप उलटा लावला की थांबतो : असं का होतं आणि काय करायचं

नागपुरात मानेवाड्याकडे पहिल्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या एका कुटुंबाचा प्रश्न थोडक्यात असा. पत्र्याचा कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर आहे. हात लागला की झिणझिण्या येतात. दोन पिनांचा टॉप, म्हणजे प्लग, फिरवून लावला की येत नाहीत. मिस्त्री म्हणतो, ‘थोडा करंट येतोच पत्र्याच्या कूलरला, चप्पल घालून पाणी भरा.’ घरमालक म्हणतात अर्थिंग आहे, एमसीबीही (जास्त करंट गेला की आपोआप पडणारे स्विच) आहेत. मग धोका आहे का? शिवाय गॅलरीसमोरून ११ हजार व्होल्टची लाइन जाते, घरात लहान मुलं आहेत, तर तिचं काय?

धोका आहे. कूलर आत्ताच बंद करा. कूलरवरचं बटण फिरवून भागणार नाही. आधी बोर्डाचं बटण बंद करा आणि कोरड्या हाताने टॉप बाहेर काढा. टॉपपर्यंत जाताना कूलरच्या किंवा ग्रिलच्या पत्र्याला अंग लागणार असेल, तर थेट मेन स्विच पाडा.

टॉप फिरवल्यावर झिणझिण्या का थांबतात ते आधी पाहू, कारण नागपुरात पुष्कळ घरांत हाच ‘इलाज’ केला जातो. मोटरच्या वाइंडिंगचं (आतल्या तारेच्या गुंडाळीचं) एक टोक फेजला, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेला असतं, दुसरं न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या तारेला. इन्सुलेशन (तारेवरचं कवच) बहुतेक वेळा एकाच टोकाजवळ खराब झालेलं असतं. त्या टोकाला फेज आली की बॉडीवर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट चढतात. टॉप फिरवला की त्याच टोकाला न्यूट्रल येतो, बॉडी शून्याच्या आसपास राहते आणि हाताला काही जाणवत नाही. बिघाड जिथल्या तिथे असतो. वर एक नवी भानगड होते. कूलरचं बटण एकच तार तोडतं. टॉप फिरल्यावर ते फेजऐवजी न्यूट्रल तोडायला लागतं, म्हणजे बटण बंद, पंखा थांबलेला आणि वाइंडिंग मात्र सगळं फेजवर. ‘बंद करूनच हात लावला होता’ असं अपघातानंतर ऐकू येतं, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

आता ‘थोडा करंट’. झिणझिण्या दोन वेगळ्या कारणांनी येतात आणि हाताला दोन्ही सारख्याच लागतात. एक, वाइंडिंगला दमट हवेने ओल धरलेली असते आणि तिच्यातून खरोखरच अगदी थोडा प्रवाह झिरपतो. तो ठरावीक मर्यादेपुढे जाऊ शकत नाही. दोन, फेज सरळ पत्र्याला टेकलेली असते आणि प्रवाह कमी राहतो तो फक्त तुमच्या चपलेमुळे. रबरी चप्पल आणि कोरडी फरशी मिळून लाखभर ओहम रेझिस्टन्स (प्रवाहाला अडथळा) धरला, तर २३० व्होल्टला दोन-अडीच मिलिअँपिअर (अँपिअरचा हजारावा भाग) जातात. तेवढ्यात हात झिणझिणतो. पाणी भरताना फरशी ओली झाली, पाय उघडे असले, दुसरा हात खिडकीच्या ग्रिलवर असला, की आडवं येतं ते फक्त अंग, आणि ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार-दीड हजार ओहमवर येतो. तोच कूलर, तोच बिघाड, पण प्रवाह दीडशे ते सव्वादोनशे मिलिअँपिअर. दहाच्या आसपास स्नायू आवळतात आणि पकड सुटत नाही. तिसाच्या वर प्रवाह थोडा वेळ जरी वाहिला तरी हृदयाचा ठोका बिघडू शकतो. त्यामुळे ‘सहन होतंय’ याला काही अर्थ नाही.

एमसीबी का पडला नाही? कारण हे त्याचं कामच नाही. एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असतो. १६ अँपिअरचा सी-टाइप एमसीबी ताबडतोब पडायला त्याच्या ५ ते १० पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. माणसातून जाणारा पाव अँपिअर त्याच्या हिशेबात १०० वॅटच्या बल्बपेक्षाही कमी.

मग अर्थिंग? इथे थोडं थांबायला हवं, कारण ‘अर्थिंग आहे’ या वाक्यावर आपल्याकडे फार भरवसा ठेवला जातो. अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स समजा ५० ओहम आहे. फेज बॉडीला टेकली की २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपिअर जमिनीत जातील. एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि बॉडीवरचे व्होल्टही उतरणार नाहीत. त्याहून वाईट म्हणजे घरातली अर्थिंगची हिरवी तार सगळीकडे एकच असते. कूलर बिघडला की फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर, सगळ्यांच्या पत्र्यावर तोच करंट चढतो. अर्थिंग चांगलं, पाच ओहमचं असलं तरी ४६ अँपिअरच वाहतात, आणि १६ चा एमसीबी तेवढ्याला पडायला काही सेकंद घेऊ शकतो.

नागपुरात यात मातीची भर पडते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. एप्रिल-मे महिन्यांत ती अर्थिंगच्या पाइपपासून अक्षरशः सुटते. मधे हवा राहते, रेझिस्टन्स कितीतरी पटींनी वाढतो. म्हणजे कूलर ज्या महिन्यांत रात्रंदिवस चालतात, नेमकं तेव्हाच अर्थिंग सगळ्यात कमजोर असतं. ऑगस्टमध्ये तपासून ‘ओके’ म्हटलेल्या अर्थिंगवर नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) विसंबू नका. खड्ड्याचं झाकण उघडून उन्हाळाभर आठवड्यातून एक-दोनदा बादलीभर पाणी ओता. कोळसा-मीठ भरलेल्या जुन्या खड्ड्यात मीठ दरवर्षी वाहून जातं, ते पुन्हा भरावं लागतं. वरचा नट-बोल्ट गंजला असेल तर खाली अडीच मीटरचा पाइप असूनही उपयोग शून्य. तार बोटाने हलवून पाहू नका, हे काम मेन बंद करून वायरमनकडून करून घ्या.

अर्थिंगची ‘बल्ब टेस्ट’ही फसवी आहे. फेज आणि अर्थमधे १०० वॅटचा बल्ब लावतात आणि तो लख्ख पेटला की अर्थिंग पास. त्या बल्बचा स्वतःचाच रेझिस्टन्स सव्वापाचशे ओहमच्या घरात असतो. अर्थिंग ५० ओहमचं असलं तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात, प्रकाशातला फरक डोळ्याला कळत नाही. बल्ब पेटला नाही तर अर्थिंग नाही हे नक्की, पेटला तर त्यापुढे काहीच सिद्ध होत नाही. वायरमनकडे अर्थ टेस्टर किंवा लूप टेस्टर असेल तर तो आकडा विचारा.

दोन प्रकार दिसले तर काम तिथेच थांबवा. पहिला, सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थच्या पिनमधे तारेचा तुकडा टाकून ‘अर्थिंग दिलेलं’ असतं. टेस्टर, बल्ब, मीटर सगळे खूश होतात. पण न्यूट्रल कुठे सैल झाला किंवा तुटला, की बल्ब-पंख्यातून येणारे २३० व्होल्ट सरळ त्या हिरव्या तारेने कूलरच्या पत्र्यावर येतात, तेही कूलर पूर्ण निर्दोष असताना. दुसरा, हिरवी तार नळाच्या पाइपला बांधलेली. आता नळाची बरीचशी लाइन प्लॅस्टिकची असते, त्यामुळे जमिनीपर्यंत काही पोचत नाही आणि नहाणीतला नळ मात्र जिवंत होतो.

म्हणून माझं मत ठाम आहे : पत्र्याचा कूलर असलेल्या घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. दुकानात त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात, भांडू नका, फक्त त्यावर ३० एमए किंवा ०.०३ ए छापलेलं आहे ना ते पहा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आग टाळण्यासाठी असतो, माणसासाठी नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो ३०० मिलिसेकंदांच्या आत तोडतो, पाचपट फरक पडला तर ४० मिलिसेकंदांत. आणि त्याला पाच ओहमचं अर्थिंग लागत नाही. शंभर-दोनशे ओहमच्या वाळलेल्या अर्थिंगवरही तो सहज पडतो. उन्हाळी काळ्या मातीला खरं उत्तर हेच आहे. घरात हिरवी तार मुळीच नसली तरीही तो काम करतो, फक्त तेव्हा तो पडायला आधी कुणाला तरी झटका बसावा लागतो. अर्थिंग असेल तर टॉप लावल्याबरोबर पडतो. दोन्ही लागतात ते यासाठी.

बसवताना हमखास चुकतं ते असं. आरसीसीबीतून गेलेल्या फेजचा न्यूट्रल त्याच्यातूनच परत यायला हवा. जुन्या घरांत सगळ्या खोल्यांचे न्यूट्रल एकाच पट्टीवर गुंडाळलेले असतात. त्यातला एखादा बाहेरच्या न्यूट्रलला जोडला गेला की आरसीसीबी सारखा पडतो. मग ‘हा माल खराब आहे’ म्हणून मिस्त्री त्याला बायपास करून जातो आणि डब्यात नुसता देखावा उरतो. सारखा पडत असेल तर आधी सगळे टॉप काढा, आरसीसीबी चढवा आणि एकेक उपकरण लावत जा. नुसते एमसीबी पाडून शोध लागेलच असं नाही, कारण एकपदरी एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. सगळे टॉप काढूनही पडत असेल तर दोष वायरिंगमधे. आरसीसीबीचा अँपिअरचा आकडा त्याच्या आधीच्या एमसीबीएवढा किंवा जास्त हवा. एकफेज घराला साधारण ४० चा पुरतो. त्यावरचं टी बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबून पडला नाही तर बदला. लक्षात ठेवा, त्या बटणाने आरसीसीबी तपासला जातो, अर्थिंग नाही. कूलर इन्व्हर्टरवर चालवत असाल तर लाइट गेल्यावर मेनकडचा आरसीसीबी त्या फांदीला पाहत नाही, इन्व्हर्टरच्या आउटपुटला वेगळा लावावा लागतो.

भाड्याचं घर आहे, मालक आख्खा बोर्ड बदलू देणार नाहीत, तर कूलरच्या पॉइंटवरच छोट्या डब्यात १६ अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ लावून घ्या. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असतात. घर सोडताना काढून नेता येतो.

आता कूलरकडे. टॉप काढा, टाकीतलं पाणी काढा, एक दिवस वाळू द्या. घरात मल्टिमीटर असेल तर टॉपच्या फेज आणि न्यूट्रल पिनेपासून पत्र्यापर्यंत वीस मेगोहमच्या (मेगोहम म्हणजे दहा लाख ओहम) रेंजवर रेझिस्टन्स पहा, कूलरचं बटण चालू स्थितीत ठेवून. काही हजार किंवा काही लाख ओहम दिसले तर दोष पकडला गेला. काहीच दिसलं नाही तर मात्र सुटका झाली असं समजू नका, मल्टिमीटरची बॅटरी काही व्होल्टची असते आणि कमकुवत इन्सुलेशन तेवढ्याने उघडं पडत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लागतो. मोटर रिवाइंडिंगच्या बऱ्याच दुकानांत तो असतो. फेज-न्यूट्रल एकत्र करून बॉडीशी निदान एक मेगोहम हवा, चांगली मोटर त्याच्या कितीतरी वर दाखवते. आधी पंपाच्या तारा सोडून मोजा, मग मोटरच्या. पहिला संशयित पंपच.

पंप म्हणजे पाण्यात बुडवलेलं वाइंडिंग, राळेने बंद केलेलं. टाकी कोरडी पडून पंप तसाच फिरत राहिला की तो तापतो आणि राळेला बारीक तडा जातो. दिसायला पंप चांगला, पाणीही चढवतो, पण आत पाणी शिरलेलं असतं आणि सगळी टाकी जिवंत. एम-सील लावून तो दुरुस्त होत नाही. काही शे रुपयांची वस्तू आहे, फेका आणि आयएसआय चिन्हाचा नवा आणा. याच कारणाने प्लॅस्टिक बॉडीचा कूलरही निर्धास्त नाही. पाणी जिवंत असेल तर टाकीत बोट घातलं की पुरे.

मोटरला ओल धरली असेल तर कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवून पुन्हा मेगर करा. आकडा सुधारला नाही तर रिवाइंड (नवी गुंडाळी), आणि वार्निश देऊन भट्टीत सुकवणाऱ्याकडूनच. आठ महिने माळ्यावर पडलेल्या कूलरच्या तारा उंदरांनी कुरतडलेल्या असतात, ते मोटरच्या मागे वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. तार पत्र्याच्या ज्या भोकातून आत जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) आहे का ते बघा. तो नसेल तर पंख्याच्या कंपाने पत्र्याची धार हळूहळू तारेचं कवच कापते. पुष्कळ कूलरमधे मोटर आणि पंप दोन्ही ठणठणीत असतात, करंट येतो तो या भोकातून.

तार बदलायचीच : तीन पदरी, गोल कवचाची, तांब्याची, एक चौरस मिलिमीटर, आणि तीन पिनांचा टॉप. घरगुती कूलर अँपिअर-सव्वा अँपिअरच घेतो, एवढी तार भरपूर झाली. मधे जोड नको. ४५ अंशांत इन्सुलेशन टेपचा गोंद वितळून टेप उलगडतो. हिरव्या तारेला रिंगचा लग (बोल्टमधे बसणारं धातूचं टोक) दाबून घ्या, पत्र्याचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वायसर घालून स्वतंत्र बोल्टने आवळा. मोटर बसवलेल्या स्क्रूखाली ती तार अडकवू नका, मोटर काढली की अर्थही सुटतो. टॉपमधे हिरवी तार बाकी दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवा, म्हणजे कुणी वायर ओढली तर ती सगळ्यात शेवटी निघेल. जोडून झाल्यावर टॉपच्या जाड पिनेपासून पत्र्यापर्यंत मीटरने पहा : एक ओहमच्या आत हवं. लोखंडी स्टँडही त्याच अर्थला जोडा. सॉकेटच्या आधी वायरला खाली एक झोळ द्या, ओघळणारं पाणी तिथून गळून पडतं, सॉकेटात जात नाही. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर, कूलरखाली, हे तर नकोच.

पाणी भरताना दरवेळी टॉप काढायचा, फक्त बटण नाही. पाइप टाकीत सोडून नळ चालू केला की कूलर सुरू ठेवणारे खूप आहेत. टाकी भरून पाणी फरशीवर आलं आणि कुणी ते पुसायला अनवाणी गेलं, की वर सांगितलेला हजार ओहमचा हिशेब लागू होतो.

कुणाला करंट लागून चिकटलेलं दिसलं तर त्याला हात लावायचा नाही. मेन पाडा. मेन लगेच सापडत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला बाजूला करा. श्वास नसेल तर लगेच छातीच्या मधोमध दाब सुरू करा : मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाला पाच-सहा सेंटिमीटर खोल. दुसऱ्याने १०८ लावायचा. पाणी पाजणं, मातीत पुरणं, अंग चोळणं यात जाणारी मिनिटं परत मिळत नाहीत. माणूस उठून बसला तरी ईसीजी काढून घ्या, ठोका नंतरही बिघडू शकतो आणि भाजलेलं आतल्या बाजूला जास्त असतं.

पावसाळ्याबद्दल एवढंच : २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाच्या खालच्या वस्त्यांत पाणी घरात शिरलं, तसं झालं तर पाणी सॉकेटपर्यंत चढण्याआधीच मेन पाडा. मेनपर्यंत जायला पाण्यातून चालावं लागत असेल तर जाऊ नका, महावितरणच्या १९१२ ला फोन करून खांबावरूनच पुरवठा तोडायला सांगा. पाणी ओसरल्यावर भिजलेले एमसीबी आणि आरसीसीबी वाळवून वापरू नका, नवे घ्या.

आता गॅलरीसमोरची लाइन. ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) तारेपासून इमारतीचं आडवं अंतर कमीत कमी १.२ मीटर आणि छतापासून उभं ३.७ मीटर हवं. ३३ केव्हीला आडवं २ मीटर. ही आडवी अंतरं वाऱ्याने तार झुलून सगळ्यात जवळ येते तिथून धरतात, थांबलेल्या तारेपासून नव्हे. आणि हे अंतर ओल्या बांबूला, पडद्याच्या अॅल्युमिनियमच्या रॉडला किंवा जाळं काढायच्या झाडूला लागू पडत नाही. दीड मीटरवर तार आणि हातात दोन मीटरचा पाइप असला तर अंतर उरतंच कुठे? ११ हजारांना तारेला टेकायचीही गरज नसते, पुरेसं जवळ गेलं की ठिणगी स्वतःच उडी घेते. घरातला आरसीसीबी इथे काहीच करू शकत नाही, ती लाइन तुमच्या मीटरच्या अलीकडे येतच नाही.

त्यामुळे त्या बाजूला कपडे वाळवायची तार किंवा लोखंडी स्टँड काही नको. मुलांसाठी त्या बाजूची गॅलरी पूर्ण उंचीच्या जाळीने बंद करणं उत्तम, पण जाळी गॅलरीच्या आत बसवायची, बाहेर काढलेल्या ब्रॅकेटवर नाही, आणि काम महावितरणकडून लाइन बंद करून घेऊनच. संक्रांतीच्या पतंगांसाठी वेगळं सांगायला हवं : तारेत अडकलेला पतंग काठीने काढायचा नाही, मांजाही ओढायचा नाही. अंतर मोजायला टेप बाहेर काढू नका, गच्चीवरून फोटो काढा आणि लेखी अर्ज महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात द्या. अर्जावर पोच घ्या, प्रत विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाला पाठवा. घर भाड्याचं असलं तरी हा अर्ज भाडेकरूला करता येतो. गॅलरी नकाशाबाहेर वाढवलेली असेल तर घरमालक कुरकुरतील, पण अर्ज तरीही द्या.